गार्डाच्या डब्याची भिंत

इनामगाव, ता. शिरूर
९ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

सलाम.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि अब्राहामदादा माझ्याशी बोलत नाही. मामांच्या दफनाच्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "काय झालं ते लिहून दे." म्हणून लिहिते. तू वाच आणि त्याला दे. मला जेवढं माहीत आहे तेवढंच लिहिलं आहे.

१. या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल मी दौंडला तुमच्या परसात एक खोली बांधली. इथल्या शेतावरच्या माझ्या प्रशिक्षणाचा तो एक भाग होता: शिकलेलं वापरून एक बांधकाम स्वतः उभं करायचं.

२. पाया आणि जोतं दगडाचं. भिंती मातीच्या: माती, वाळू, गव्हाचं काड. छप्पर कौलांचं, वळचण हातभर पुढे काढलेली. सिमेंट कुठेही नाही.

३. माती वापरण्याआधी मी तपासली होती.

४. बाहेरून चुन्याचा गिलावा दिला. पावसाळ्याआधी तो बघायचा आणि चीर दिसली तर चुन्यानेच बुजवायची, असं मी मामांना सांगितलं होतं.

५. मे महिन्यानंतर मी तिकडे आले नाही.

६. ऑगस्टच्या शेवटी पाऊस लागून राहिला. ३० तारखेला सकाळी पश्चिमेची भिंत खालून बसली आणि आतल्या बाजूला पडली. एबनेझर मामा आत खुर्चीवर वाचत बसले होते.

७. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले होते.

८. मी पोचले तेव्हा दादाने जेसीबी बोलावून उरलेल्या तीन भिंतीही पाडल्या होत्या आणि सगळी माती उचलून नेली होती. पडलेली भिंत मी पाहिलेली नाही.

९. ती का पडली हे मला माहीत नाही.

शिक्रापूरच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते तेव्हा माझं काम काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडायचं होतं. ठोकळा फुटला की फुटलेली बाजू हातात घेऊन बघायची. काय चुकलं ते तिथे दिसतं. इथे माझ्या हातात काहीच नाही.

मातीची भिंत अचानक पडत नाही. आधी सांगते. पायाशी ओल चढलेली दिसते, पोट सुटतं, गिलाव्याला फुगवटा येतो. असं काही तुला किंवा मामांना दिसलं होतं का? आठवेल तेवढं लिही.

तुझी,
फेथ


दौंड
१५ सप्टेंबर

चि. फेथ हिस आत्याचा सलाम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र मी अब्राहामला दिलं नाही. "बाबांच्या मरणाला सुद्धा नंबर घातले हिने," असं म्हणून त्याने ते फाडलं असतं. खरं सांगू, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही तसंच वाटलं. मग आठवलं, सहावीत तुझा हात मोडला तेव्हा तू रडली नव्हतीस. मी ड्यूटीवर होते. तू डॉक्टरांना विचारत होतीस, हाड कुठून मोडलं, आडवं की तिरपं. वॉर्डातल्या बाया म्हणाल्या, ग्लॅडिस सिस्टर, तुमची भाची दगड आहे. मी म्हटलं, दगड नाही गं, ती आतून रडते.

तू विचारलंस तसं काहीही दिसलं नव्हतं. भिंत शेवटच्या दिवसापर्यंत पांढरीशुभ्र होती.

तुझ्या मामांचा त्या खोलीत किती जीव होता हे तुला माहीत नाही. बत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड म्हणून गाडीच्या शेवटच्या डब्यात काढली, निवृत्त झाल्यावर घरात त्यांना कुठे बसावं ते कळत नसे. तुझ्या खोलीला त्यांनी "गार्डाचा डबा" नाव ठेवलं. दाराशी हिरवा झेंडा लावला. न्याहारी झाली की डब्यात. मी चहा घेऊन गेले की म्हणायचे, "ग्लॅडिसबाई, विनातिकीट आत यायचं नाही." मी म्हणायचे, "मग चहा परत नेते." तर म्हणायचे, "चहाला पास आहे." मला ऐकू येत नाही म्हणून हे सगळं ते ओठ मोठे करून, हातवारे करून सांगायचे. शेजारची मुक्ताबाई कुंपणावरून बघून हसायची.

मे महिन्याच्या उन्हात सुद्धा आत पंखा लागत नसे. चर्चचे पाळकसाहेब येऊन बसले तर उठायचं नाव घेईनात.

आणि मजबूत म्हणशील तर किती! जुलैत बाहेरच्या बाजूला कपड्यांच्या दोरीसाठी खिळा ठोकत होते. दोन खिळे वाकले. तिसरा उडून कुंडीत पडला. मला बोट दाखवून म्हणाले, "पोरीने भिंत बांधली की किल्ला!" एवढी पक्की भिंत तू बांधली होतीस, हे तुला कळावं म्हणून लिहिते. पुढे झालं ती प्रभूची इच्छा.

मंडळीत मी सगळ्यांना सांगितलं आहे, फेथला कोणी बोलायचं नाही. मूल शिकत होतं, शिकताना हातून चूक होते. मी तिला माफ केलं आहे. तूही आता हा विषय मनातून काढून टाक. शिक्रापूरची नोकरी परत मिळाली तर बघ.

जेवतेस ना वेळेवर?

तुझी,
ग्लॅडिस आत्या


इनामगाव
२२ सप्टेंबर

प्रिय आत्या,

सलाम.

तू माफ केलंस त्यावर काय लिहायचं ते मला कळत नाही. म्हणून ते बाजूला ठेवते.

नोकरीचं मी विचारलं आहे. त्या प्रयोगशाळेत जागा आहे. दिवाळीनंतर रुजू होईन. सर्जेराव सरांनाही सांगितलं. हे शेत त्यांचं. घोड नदीच्या काठी ते आमच्यासारख्यांना मातीचं बांधकाम, बिनधुराची चूल, गोबर गॅस, उन्हावर भाजी वाळवायची पेटी असं सगळं हाताने करायला लावून शिकवतात. ते म्हणाले, "सोडून जाऊ नकोस, आधी कारण शोध." मी म्हटलं, कारण जेसीबीत भरून गेलं.

पण जाण्याआधी एक काम माझ्यावर आहे. साखरबाईंचं घर.

साखरबाई इथल्या वस्तीवर राहतात. एकट्या आहेत. त्यांचं पत्र्याचं घर उन्हात तापायचं, म्हणून आम्ही सगळ्या शिकणाऱ्यांनी मिळून त्यांना दोन खोल्या मातीच्या बांधून दिल्या. भिंतींचं माप आणि मातीचं मिश्रण माझं. दौंडच्या खोलीसारखंच, त्याच प्रमाणात. भिंती उन्हाळ्यातच उभ्या राहिल्या, छप्पर पावसाआधी चढलं. बाहेरच्या गिलाव्याचं काम तेवढं राहिलं आहे. दिवाळीला त्या राहायला जाणार आहेत.

दौंडची बातमी इथे पोचली आहे. काल मी साखरबाईंकडे असताना त्यांचा मुलगा हौसराव आला. तो शिक्रापूरला कारखान्यात असतो, तिथेच भाड्याच्या खोलीत राहतो. गाडीवरून उतरला नाही. तिथूनच म्हणाला,

"मॅडम, तुमच्या मामांच्या घराची भित पडली म्हनं."

"पडली."

"तिला शिमीट व्हतं?"

"नव्हतं."

"मंग झालं की! शिमीट न्हवतं म्हनून पडली. आमच्या भितीला भायरून शिमीट मारायचं. म्हाळू गवंड्याला सांगून ठिवतो."

मी त्याला सांगितलं की मातीच्या भिंतीवर सिमेंट मारायचं नसतं. सिमेंटला बारीक चिरा पडतातच. चिरेतून पाणी आत जातं आणि त्याला बाहेर यायला वाट राहत नाही. चुना ओल सोडतो, सिमेंट कोंडून ठेवतं. भिंतीचा पाय आतल्या आत चिखल होतो आणि वरून ती कोरडी, पांढरी दिसते.

तो हसला. "मॅडम, बिनशिमिटाची पडली. आन् तुम्ही म्हनता शिमिटाची पडंल. कोन्ची खरी धरू?"

साखरबाई आतून म्हणाल्या, "आरं तुझ्या शिकरापूरच्या खोलीला शिमीट हाय न्हवं? तरी पावसात भगुली मांडून निजतुयास!"

"आई, गळती येगळी आन् पडती येगळी."

"व्हय रं, लई शिकलायस."

पूर्वी साखरबाई माझ्याबरोबर माती तुडवायला यायच्या आणि माझ्या पायांना नावं ठेवायच्या: बगळ्यावानी तुडवतीस. काल त्यांनी फक्त चहा दिला.

तुझ्या पत्रातल्या एका गोष्टीबद्दल विचारायचं आहे. खिळा. दोन खिळे वाकले असं तू लिहिलंस. खिळा दगडावर वाकतो, मातीवर वाकत नाही. चुन्याच्या गिलाव्यातून तो सरळ आत जातो, फार तर एखादा टवका उडतो. तो कोणत्या भिंतीवर ठोकला होता? खाली जोत्याच्या दगडावर तर नाही ना? आठवून लिही.

तुझी,
फेथ


दौंड
२७ सप्टेंबर

चि. फेथ हिस सलाम.

खिळ्याचं काय घेऊन बसलीस? म्हातारं माणूस काहीतरी लिहितं. असेल जोत्याच्या दगडावरच ठोकला. हो, दगडावरच, आता आठवलं.

अब्राहाम पोलिसात जाणार म्हणत होता. मी त्याला अडवलं. तीन दिवस जेवला नाही. म्हणाला, "आई, तू तिची बाजू का घेतेस? तिने बाबांना मारलं." मी त्याला म्हटलं, ती माझ्या भावाची मुलगी आहे, आपलं रक्त आहे. तुझ्यासाठी मी माझ्या मुलाचं तोंड बंद केलं, फेथ. तेवढं लक्षात ठेव.

कबरेचा दगड सांगितला आहे. नाव, दोन तारखा आणि खाली "रेल्वे गार्ड" एवढंच. पाळकसाहेब उपासनेत त्यांच्याबद्दल फार चांगलं बोलले. म्हणाले, ज्या माणसाने उभ्या नोकरीत कधी सिग्नल चुकवला नाही, असा सावध माणूस. सगळी मंडळी रडली. मला ऐकू आलं नाही, मुक्ताबाईने नंतर लिहून दाखवलं.

ते सावधच होते गं. तुझ्यावर त्यांचा फार जीव. मे महिन्यात तू गेल्यावर पहिला वळीव पडला तेव्हा ते छत्री घेऊन परसात उभे होते, भिंतीला तळहात लावून. मी बोलावलं तर म्हणाले, "मातीच ती, ग्लॅडिस." रात्रभर तळमळत होते. मी म्हटलं, फेथला कळवा. तर म्हणाले, "नको, पोरीचं मन मोडेल. आपण आपलं बघू."

त्यांनी जे केलं ते जीव लावून केलं. आता ते नाहीत. त्यांच्यामागे त्यांचं नाव तेवढं माझ्याकडे आहे. ते मला नीट ठेवू दे.

भिंतीचं मला पुन्हा विचारू नकोस. मी तुला माफ केलं आहे. आता तू मला सोड.

ग्लॅडिस आत्या


इनामगाव
६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

सलाम.

शनिवारी मी दौंडला येऊन गेले. तुला भेटले नाही. फाटकापर्यंत आले होते. तू मामांचा गार्डाचा कोट उन्हात वाळत घातला होतास आणि त्याच्याशेजारी पाठमोरी बसली होतीस. हाक मारून उपयोग नव्हता, आणि आत येऊन समोर उभी राहिले असते तर तू माझा चेहरा बघून उत्तर दिलं असतंस. मला तसं उत्तर नको होतं. परत फिरले.

त्याआधी जेसीबीवाल्याला विचारून, त्याने माती जिथे टाकली तिथे गेले होते. नदीकडे जाताना जो खड्डा आहे तिथे. त्यावर नंतर इतरांचा राडारोडाही पडला आहे. विटा, फरशा, सिमेंटचे पोपडे, संडासाची भांडी. त्यात काडाची माती मला सापडली. ती माझी. तिच्याजवळ सिमेंटचे पापुद्रेही होते, काहींना एका बाजूने चुना लावलेला. ते आपल्या भिंतीचे असतील, किंवा दुसऱ्या कोणाच्या संडासाचे असतील. मी दोन तास बघत होते. त्या खड्ड्यातून काहीही सिद्ध होत नाही.

म्हणून तुझ्या पत्रांकडे परत आले.

जोत्याच्या दगडावर खिळा ठोकला असं तू लिहिलंस. ते जोतं मी बांधलं आहे. ते माझ्या गुडघ्याइतकं उंच आहे. गुडघ्याइतक्या उंचीवर कपड्यांची दोरी कोणी बांधत नाही.

मामांनी मला एप्रिलमध्ये विचारलं होतं, "पावसात विरघळणार नाही ना गं?" मी "नाही" म्हटलं. एकच शब्द. मला वाटलं, त्यांना पटलं. त्यांना पटलं नव्हतं, आणि ते मला सांगण्याइतकी मी त्यांना जवळची वाटले नसेन. किंवा फार जवळची वाटले असेन. यातलं काय ते मला आता कळणार नाही.

मला वाटतं ते असं: वळीव पडल्यावर मामांनी पश्चिमेच्या भिंतीला, जिकडून पाऊस मारतो त्या बाजूला, बाहेरून सिमेंट लावलं. स्वतःच्या हाताने, कारण गवंडी आला असता तर शेजारी कळलं असतं. मला वाईट वाटू नये म्हणून वरून चुना मारला. जुलैत त्यावर खिळे वाकले. भिंत शेवटपर्यंत पांढरीशुभ्र होती, कारण ओल आत होती.

हे मला वाटतं. मला माहीत नाही. तुला माहीत आहे.

मी हे माझी सुटका व्हावी म्हणून विचारत असेन, असं तुला वाटेल. थोडं तसं आहेही. पण सुटका होणार नाही. सिमेंट होतं असं तू लिहिलंस, तरी भिंत मी बांधली होती आणि मामा तिच्याखाली होते. दादा माझ्याशी बोलणार नाही. मी दिवाळीनंतर ठोकळे फोडायला जाणार आहे आणि मातीला पुन्हा हात लावणार नाही. त्यातलं काही बदलावं म्हणून मी लिहीत नाही.

साखरबाईंच्या घराचं सांगते.

हौसरावने सिमेंटची पोती आणून टाकली आहेत. सर्जेराव सर त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, "सर, तुमचं काय जातंय? आई माझी झोपनार हाय आत." मग साखरबाईंनी मला एकटीला बोलावलं. नव्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "फेथबाई, खरं सांग. तू निजशील का ह्या घरात?"

आत्या, मला उत्तर देता आलं नाही. दौंडला भिंत माझ्या मिश्रणामुळे पडली असेल, तर इथलीही पडेल. तेच मिश्रण, तीच मापं. सिमेंटमुळे पडली असेल, तर ही भिंत आज चांगली आहे, आणि सोमवारी आम्ही तिला तेच औषध पाजणार आहोत.

साखरबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि उठता उठता म्हणाल्या, "बरं. मारू दे शिमीट."

हौसरावला मी खोटं सांगू शकते, की दौंडच्या भिंतीला सिमेंट होतं. त्याने गेल्या वेळी विचारलं तेव्हा मी नव्हतं म्हणाले. आता होतं म्हटलं तर तो का ऐकेल? आणि समजा ऐकलं, आणि चूक माझ्या मातीत असली, तर माझ्या शब्दावर साखरबाई त्या भिंतीखाली झोपतील. तुझं पत्र हातात असेल तर गोष्ट वेगळी. तू मामांची बायको आहेस. तू लिहिलंस तर तो मानेल.

नाव लपवून ठेवीन असं वचन मी देत नाही. ते जमणार नाही. इथे सांगितलं की शिरूरला कळेल, शिरूरला कळलं की दौंडला कळेल, आणि दादाला कळेल. पाळकसाहेब सावध माणूस म्हणाले होते, तेही लोक आठवतील. तुझ्याकडे मामांचं नाव तेवढं उरलं आहे, आणि मी तेच मागते आहे, हे मला कळतं. दुसरं काही मागण्यासारखं असतं तर ते मागितलं असतं.

मामा इथे असते तर त्यांनी काय केलं असतं, हे मी लिहिणार नाही. ते मला माहीत नाही, आणि ते सांगून तुला भरीस घालणं बरोबर नाही.

कार्डावर एक शब्द पुरे. "होतं" किंवा "नव्हतं." होतं असेल तर मी सिमेंटची पोती परत पाठवायला लावीन आणि तिथे स्वतः चुना लावून मग जाईन. नव्हतं असेल तर रविवारी माणसं लावून मी ते घर पाडीन, आणि साखरबाई पुन्हा पत्र्याखाली राहतील.

म्हाळू गवंडी सोमवारी सकाळी काम सुरू करणार आहे. आमच्याकडे टपाल दुपारी येतं, रविवारी येत नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबरपर्यंत मला उत्तर मिळेल असं पाठव.

फेथ